म्हाताऱ्या उंदरांची विचारपूस

माझं काम उंदीर म्हातारे करण्याचं आहे. हे ऐकून लोक आधी हसतात आणि मग विचारतात, त्यात करायचं काय, ते तर आपोआप होतात. खरं आहे. पण आपोआप होणाऱ्या या गोष्टीला जवळजवळ दोन वर्षं लागतात. तेवढा काळ त्यांना खायला घालावं लागतं, पिंजरे बदलावे लागतात, लाइट गेली की जनरेटर चालू झाला का ते बघावं लागतं. तरुण उंदीर विकत मिळतात. म्हातारे सहसा कुणी विकत नाही, कारण तोवर सांभाळायचा धीर कुणाला नसतो. म्हणून आम्ही घरचेच वापरतो.

आमची प्रयोगशाळा ग्वाल्हेरला, हजीऱ्याच्या पुढे आहे आणि आम्ही आतड्यातल्या एका जिवाणूवर काम करतो. तसा हा गरीब जिवाणू. धडधाकट पोटात इतर जिवाणूंची इतकी गर्दी असते की याला कुणी दारात उभं करत नाही. पण छातीसाठी, दातासाठी, कशासाठीही अँटिबायोटिक घेतलं की ती गर्दी मरते, आणि मग हा रिकाम्या घरात शिरून विष सोडायला लागतो. जुलाब सुरू होतात. तरुण बहुधा सावरतात. म्हाताऱ्यांचं सांगता येत नाही, आणि सावरले तरी कित्येक जण महिन्याभरात पुन्हा आडवे होतात. असं का होतं, ते तरुण उंदराला विचारून कळत नाही. त्यासाठी म्हातारा उंदीर लागतो. त्याला पाण्यातून अँटिबायोटिक द्यायचं, मग जिवाणू पाजायचा, आणि बघत बसायचं. यातलं बघत बसणं हे माझं काम.

घरी मी आणि माझे वडील, दोघंच. खासगी बाजार नावाच्या जुन्या पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. आई जाऊन बरीच वर्षं झाली. बाबा भूगोलाचे शिक्षक होते आणि अजूनही कुणी इंदूरला निघालं तर त्याला वाटेतल्या नद्या सांगतात. आमचे पूर्वज दक्षिणेतून दरबारी पुरोहित म्हणून इकडे आले. त्या पुरोहितपणातलं आमच्याकडे आता एकच उरलं आहे, पोटाच्या खालच्या भागाबद्दल चकार शब्द न काढणं. बाबा अजूनही ‘परसाकडे जाऊन येतो’ म्हणतात. आमच्याकडे परस नाही. संडास पुढे आहे, जिन्याच्या दाराला लागून, आणि आलेला पाहुणा चपला काढताना तोल जाऊ नये म्हणून त्याच्याच दारावर हात टेकतो. तरी बाबा परसाकडेच जातात.

उंदरांबद्दल मात्र बोलायला हरकत नव्हती. मी संध्याकाळी घरी आले की आधी आंघोळ करते, कपडे वेगळे टाकते, मग चहा. हे सगळं प्रयोगशाळेच्या नियमाने होतं, पण बाबांना ते सोवळं वाटतं आणि त्यांना त्याचा आनंद आहे. चहा पुढे आला की ते विचारायचे, “तुझी म्हातारी मंडळी काय म्हणतायत?”

मग मी सांगायची. कोण खात नाही, कोणाचं वजन उतरलं, कोण गेलं. आपल्या हिशेबाने त्यांचं वय किती होतं, असं त्यांनी एकदा विचारलं. साठीच्या आसपास, जास्तीत जास्त सत्तर, असं मी सांगितल्यावर ते खूश झाले. बाबा अठ्ठ्याहत्तरचे आहेत. “म्हणजे सगळे माझ्याहून लहान,” म्हणाले. पुढे कितीतरी दिवस ते त्यांना ‘पोरं’ म्हणत होते.

“आणि आजारी पडलेत हे तुला कळतं कसं?” हाही त्यांचाच प्रश्न.

“ते सांगत नाहीत बाबा. उंदीर आजार लपवतो. रानात अशक्त दिसला तर कुणीतरी उचलून नेईल ना. म्हणून आम्ही वरून बघतो. केस विस्कटलेत का, पाठीला पोक आलंय का, डोळे मिचमिचे झालेत का, हलतो का नाही. त्याचे गुण देतो. गुण जास्त झाले की समजायचं.”

“समजूतदार जनावर आहे,” बाबा म्हणाले. ते लपवण्याबद्दल बोलत होते.

जानेवारीत धुकं पडलं आणि बाबांच्या छातीत कफ झाला. ग्वाल्हेरच्या थंडीत तो दरवर्षी होतो. या वेळी डॉक्टरांनी जरा दांडगं अँटिबायोटिक दिलं. बाबांनी गोळ्या वेळच्या वेळी घेतल्या, कोर्स पुरा केला, खोकला गेला. मीही निश्चिंत झाले. मग एका संध्याकाळी त्यांनी चहाचा कप हातात धरून, खिडकीबाहेर बघत विचारलं, “ते तुझे उंदीर, मतलब, औषध घेतलेले, ते दिवसातून किती वेळा...”

पुढचं वाक्य त्यांनी खिडकीबाहेरच सोडून दिलं.

मला तेव्हाच कळलं. चार वर्षं मी उंदरांना हाच प्रश्न विचारते आहे. सरळ विचारायला हवं होतं की बाबा, तुम्हाला जुलाब होतायत का. पण मीही त्याच घरातली. मी म्हटलं, “किती वेळा होत असेल असं तुम्हाला वाटतं?”

“सात-आठ वेळा होत असेल,” बाबा म्हणाले. “बेचारे.”

“पोटात दुखत असेल?”

“कळ येत असेल. उंदराला सांगता येत नाही, पण येत असेल.”

मी घाबरले. त्या वयाच्या, त्या औषधानंतर आजारी पडलेल्या जिवांचं काय होतं, हे आख्ख्या शहरात माझ्याइतकं फार थोड्यांना माहीत असेल, आणि त्यांच्यातला एक माझ्यासमोर बसून मारी बिस्किट चहात बुडवत होता. म्हातारं शरीर पाणी गमावतं ते भरून काढत नाही. दोन दिवस बरं दिसतं आणि तिसऱ्या दिवशी कोसळतं. बाबा जर बोलले नाहीत, आणि वेळेत बोलले नाहीत, तर मला ते उंदरासारखे बाहेरूनच ओळखावे लागणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांच्या बशीवरून मी त्यांना गुण दिले. केस, तेल लावून नीट विंचरलेले, शून्य. पाठ वाकलेली, पण ती आधीपासूनच होती, त्यामुळे सोडून दिली. डोळे आत गेलेले, दोन. हालचाल, परसाकडे जायची सोडून मंद, दोन. पोहे तसेच. बेरीज चांगली नव्हती.

“आपण डॉक्टरकडे जाऊन येऊ,” मी म्हटलं. “एक तपासणी करून घेऊ, गोरखीपाशी ती लॅब आहे ना.”

“कशाची तपासणी?”

मी पोह्यांकडे बघितलं. बाबांनीही बघितलं.

“त्या लॅबमध्ये जो कागद लिहून घेतो,” बाबा हळू आवाजात म्हणाले, “तो गणपतीत आरतीला माझ्या शेजारी उभा असतो. तबक धरतो. उद्या सगळ्या मंडळाला कळेल.”

हे मात्र खरं होतं. आमच्या या लष्कर भागात मराठी माणसं उरलीत किती, आणि त्यांना एकमेकांच्या बातम्यांखेरीज दुसरं काम काय. एका आजोबांच्या मूळव्याधीचं ऑपरेशन मागच्या वर्षी दोन हळदीकुंकवांना पुरलं होतं. पण त्यापायी माणूस मरू द्यायचा का? मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

मग बाबांनीच विचारलं, “उंदरांचा नमुना कसा घेतेस?”

“स्वच्छ रिकाम्या डब्यात ठेवायचं आणि थांबायचं. फार वेळ लागत नाही.”

“आणि डबीवर नाव?”

“नाव नसतं. नर की मादी, म्हातारा की तरुण, आणि पिंजऱ्याचा नंबर.”

“नावच नसतं?” बाबांचा चेहरा इतक्या दिवसांत प्रथमच मोकळा झाला. “अरे वा. चांगली पद्धत आहे.”

त्या संध्याकाळी मी झाकणाची एक डबी आणि निळी आइसबॉक्स घरी आणली, संडासाच्या खिडकीत ठेवली आणि त्यावर काहीही बोलले नाही. सकाळी आइसबॉक्स दाराशी तयार होती. वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून, अशी की तिला घेऊन कुणी गावाला निघालं आहे. बाबा देवघरात होते आणि नेहमीपेक्षा मोठ्याने स्तोत्र म्हणत होते. मी सुतळी सोडली. आतल्या डबीवर भूगोलाच्या मास्तरांचं रेखीव अक्षर होतं: नर. म्हातारा. पिंजरा क्र. ७.

सातच का, हे मी पुढे एकदा विचारलं. “तूच म्हणाली होतीस ना, की सातव्या पिंजऱ्यातली पोरं एकदम बरी आहेत,” ते म्हणाले. माणूस वेश बदलताना राजाचाच घेतो.

गोरखीच्या लॅबमध्ये डबीवर काहीतरी खोटं नाव घालून द्यायचं असं मी ठरवलं होतं. पण लॅब उघडायला वेळ होता, आणि आमच्या सरांचा फोन आला की आज सगळ्या पिंजऱ्यांचे नमुने एकदम लावायचेत, लवकर या. मी स्कूटर हजीऱ्याकडे वळवली आणि आइसबॉक्स आमच्या फ्रिजमध्ये ठेवली, दुपारी घेऊन जाऊ म्हणून. त्या फ्रिजवर कागद चिकटवलेला आहे, घरची वस्तू आत ठेवू नये. तो कागद डब्यातल्या दह्याबद्दल आहे असा माझा समज होता.

दुपारी बघते तर आइसबॉक्स रिकामी.

“वो लगा दिया मैडम,” आमचा टेक्निशियन म्हणाला. “सात नंबर। मात्रा बहुत अच्छी थी। मैंने सोचा आपने पूरे पिंजरे का इकट्ठा किया है।”

मी काही बोलणार तेवढ्यात सरांनी आत बोलावलं. सरांचा चेहरा पांढरा पडला होता. सातवा पिंजरा म्हणजे ज्यांना आम्ही जिवाणू पाजलेलाच नाही असे म्हातारे उंदीर, आजाऱ्यांशी तुलना करायला ठेवलेले. त्यात विष निघालं, तेही एवढं की इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं. म्हणजे निरोगी पिंजऱ्यांच्या रांगेत जिवाणू शिरला. नियम असा आहे की मग सबंध रांग मारावी लागते. दोन वर्षं सांभाळलेली रांग. सर फोनवर प्राणीघराशी बोलत होते, कोणाला आधी काढायचं ते ठरत होतं.

“सर, रुकिए,” मी म्हटलं. “सात नंबर ठीक है। पॉज़िटिव मेरे पिताजी हैं।”

सरांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. टेक्निशियन दाराशी होता, त्याने आपल्या हातांकडे बघितलं.

“उम्र?” सरांनी विचारलं.

“अठहत्तर।”

“एंटीबायोटिक?”

“छाती के लिए। कोर्स पूरा हुआ, उसके बाद शुरू हुआ।”

“क्लासिक,” सर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. मग ते भानावर आले. “मानव नमूना है। एथिक्स कमिटी की अनुमति?”

“नहीं है, सर।”

“पिताजी की?”

“उन्होंने खुद पैक करके दिया।”

सरांनी फोनवर सांगितलं की रांग राहू द्या. माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम यहाँ क्या कर रही हो? घर जाओ।” मी जिन्यापर्यंत पोचले तेव्हा मागून पुन्हा आवाज आला, “और वो पेट रोकने वाली गोली मत देने देना किसी को!” मला ते माहीत होतं, जुलाब अडवले की विष आतच कोंडतं. तरी त्यांनी ओरडून सांगितलं याचं बरं वाटलं, कारण तोपर्यंत हे फक्त मला एकटीला माहीत होतं.

बाबा आरामखुर्चीत होते, शाल पांघरून. ओठ कोरडे. मी समोर वेताच्या मोड्यावर बसले.

“सातव्या पिंजऱ्यातला पॉझिटिव्ह आला,” मी म्हटलं.

“तो म्हातारा?”

“हो.”

बाबांनी शालीचं टोक नीट केलं. “आता काय करतात त्याचं?”

काय करतात ते मी त्यांना आधीच सांगून बसले होते. काही करत नाहीत. बघत बसतात.

“औषध देतात,” मी म्हटलं.

“देत नाहीत म्हणाली होतीस.”

“काहींना देतात. हा औषधाच्या गटात आहे.”

“कोण कुठल्या गटात, ते कोण ठरवतं?”

“चिठ्ठ्या टाकतात.”

“मग याची चिठ्ठी कोणी काढली?”

“मी,” मी म्हटलं, आणि मला रडू आलं. बाबांनी ते न बघितल्यासारखं केलं. नंतर उठून म्हणाले, “धोतर बदलून येतो. दवाखान्यात बरं दिसत नाही.”

दवाखान्यात मी वाक्यं जुळवून तयार होते. बाबा बोलणार नाहीत, सगळं मलाच सांगावं लागणार, असं धरून चालले होते. तरुण डॉक्टरांनी विचारलं, “हाँ अंकल, बताइए,” आणि बाबा खणखणीत आवाजात सुरू झाले. “डॉक्टर साहब, दस्त हैं। दिन में आठ-दस बार। एकदम पानी। बदबू बहुत है। परसों एक बार कपड़े भी खराब हुए।” मी बघत राहिले. कपड्यांचं मला काहीच कळलं नव्हतं. त्यांनी ते स्वतः धुतले होते. हिंदीत बाबांना कसलीच लाज नव्हती. दूधवाला, प्लंबर, डॉक्टर, सगळ्यांशी ते हिंदीत बोलतात आणि हिंदीत शरीराला सगळे अवयव असतात. गप्प राहायचं ते फक्त घरच्या भाषेत, घरच्या माणसापाशी. मला हायसं वाटलं आणि त्याच वेळी फार वाईटही वाटलं. आत्ताच भेटलेल्या त्या डॉक्टर मुलाला ते सांगू शकत होते.

त्यांना सलाइन लावली, तपासणी पुन्हा केली, या वेळी त्यांच्या नावानिशी. तीच बातमी आली. पोटातून द्यायचं औषध सुरू झालं. मी तिथल्या आयाबाईंना सांगितलं की हाताला ते बाटलीतलं चोळून भागणार नाही, या जिवाणूचे बीजाणू त्याने मरत नाहीत, साबण आणि पाणीच लागेल. बाई म्हणाल्या, “दीदी, आप डॉक्टर हो?” मी म्हटलं, “नहीं, चूहों की।” बाबा पलंगावरून हसले. मंडळातले दोघंतिघं भेटायला आले तेव्हा त्यांनी ‘जरा अशक्तपणा’ असं सांगितलं आणि माझ्याकडे दटावून बघितलं. दिवसागणिक त्यांचे डोळे वर आले. घरी परतल्यावर त्यांनी पहिल्याच संध्याकाळी विचारलं, “पोरं कशी आहेत?” आणि आम्ही दोघं पुन्हा आपापल्या जागी बसलो.

पण मला झोप लागत नव्हती. हा आजार उलटतो, हे मला पुस्तकातून नाही, पिंजऱ्यांतून माहीत होतं. औषध थांबतं, आठवडा बरा जातो, तरुण सुटतात, आणि म्हाताऱ्यांमधले काही पुन्हा पाठ वाकवून कोपऱ्यात बसतात. दुसरा फेरा पहिल्यासारखा नसतो, कारण आता अंगात काही शिल्लक नसतं. मी रोज सकाळी बाबांना गुण देत होते. संडासाचं दार किती वेळा वाजलं ते मोजत होते. मी कामावर गेल्यावर कोण मोजणार होतं? बाबांनी लपवायचं ठरवलं तर ते मला सहज फसवू शकत होते. केसांना तेल लावायचं, पोहे कबुतरांना घालायचे, आणि चहाच्या वेळी उंदरांची चौकशी करायची. त्यांना सगळे निकष मीच शिकवले होते.

औषध संपून तिसरा आठवडा चालू असेल. मी हेल्मेट हातात घेऊन जिन्याच्या दाराशी उभी होते. बाबा आतून भिंत धरत आले. केस विंचरलेले नव्हते.

“थांब,” ते म्हणाले.

मी वळले. त्यांचा चेहरा बघून मीच घाईघाईने त्यांना बोलायला नेहमीची वाट करून द्यायला गेले. “काय झालं बाबा? म्हातारे उंदीर पुन्हा...”

“उंदरांचं राहू दे,” बाबा म्हणाले. ते माझ्याकडे बघत होते, खिडकीबाहेर नाही. “मला परत जुलाब सुरू झालेत. काल दुपारपासून. रात्री चादर बदलली मी. मला भीती वाटते गं.”

मी हेल्मेट खाली ठेवलं. बातमी वाईट होती, किती वाईट ते मला नीट माहीत होतं, आणि तरीही त्यांचा गार हात धरून उभी असताना मला जो आनंद झाला त्याची मला लाज वाटत नाही.

“किती वेळा झाले?” मी विचारलं.

आणि बाबांनी मला सांगितलं.